वाघाचा रोजचा वाटा

पोरगी ओट्यावर नव्हती.

मी हापशीवरून आली, हंडा अजून डोक्यावरच होता, आणि बघते तर ओट्यावर सासू एकटी, पुढ्यात सूप, नागली पाखडत बसलेली. पोरीची गोधडी होती, एक चप्पल होती, पोरगी नव्हती. कुठे आहे विचारलं तर सासू मान वर न करता बोलली, असेल इथेच, मागे गेली असेल. मागे. आमच्या घराच्या मागे म्हणजे तुरीचं वावर आणि वावराच्या खाली नाला आणि नाल्यात ते सगळं. हंडा मी उतरवला नाही, तो पडला. पाणी सासूच्या नागलीत गेलं, ती शिव्या देत राहिली आणि मी पळाली.

ऊन उतरायला लागलं होतं. तुरीतून पळताना वाट शोधायची गरजच नव्हती, नाकानेच समजत होतं कुठे जायचं ते. जसजशी खाली जाते तसा तो वास तोंडात येतो, हो, नाकात नाही, तोंडात, गोडसर आणि सडका, जिभेवर बसतो आणि थुंकला तरी जात नाही. घाणेरीच्या झुडपांना पांढरी पिसं चिकटलेली. माश्यांचा आवाज इतका, की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी पोरीला हाका मारत होती का नव्हती, ते पण मला आठवत नाही.

ती बसली होती. पिसांमध्ये, घरी ताटापुढे बसते तशी. दोन वर्षांची पण झाली नव्हती तेव्हा, नुकती पळायला शिकली होती. एका मेलेल्या कोंबडीचा पाय हातात धरून ती खुळखुळा हलवावा तशी हलवत होती. कोंबडीचं पोट फुटलेलं. तिच्या फ्रॉकवर पांढरे किडे चालत होते. मला आधी ते किडेच दिसले. खोटं कशाला सांगू, आधी किडे दिसले आणि मग तो दिसला.

घाणेरीच्या जाळीखाली बिबट्या बसला होता. आमच्याकडे त्याला पण वाघच म्हणतात. आमच्या ओट्यापासून गोठा जेवढा लांब तेवढाच तो लांब होता, दहा-बारा पावलं. उठला नाही, पळाला नाही, गुरगुरला पण नाही. जेवणाच्या वेळेला घरातला कुत्रा कसा पुढचे पाय टाकून बसतो, तसा बसलेला. रोज एक माणूस येतो, गोणी रिकामी करतो, जातो, हे त्याला पाठ झालं होतं. माणूस आला म्हणजे जेवण आलं. आणि माझी पोरगी त्या जेवणातच बसलेली.

पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि त्याच्याकडे बोट करून बोलली, "माऊ."

मी वाकून तिला उचललं तर ती कोंबडी सोडेना. मी ओढते, ती ओढते. शेवटी पाय तुटून तिच्या हातात राहिला आणि कोंबडी खाली पडली. आणि तो उठला. सावकाश उठला, घाई नाही काही. मग मी काय केलं, ती कोंबडी उचलली, त्या किड्यांसकट, माझी बोटं आत गेली तिच्यात, आणि त्याच्यापुढे फेकली. तो दोन पावलं आला, हुंगली, तोंडात धरली आणि माझ्याकडे बघतच बसला. मी मागे मागे सरकत तुरीत आली. पाठ फिरवायची हिंमत झाली नाही. पोरगी माझ्या खांद्यावर रडत होती, वाघाला घाबरून नाही, कोंबडी गेली म्हणून.

घरी येऊन मी तिला गरम पाण्याने आंघोळ घातली, साबणाने घासलं, परत घासलं, तिचं अंग लाल झालं. मग माझे हात घासले. मग न्हाणीतच बसून ओकली.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, मराठी मी शाळेत शिकली ती आठवीपर्यंत, मग आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली ती परत शाळेत नाही गेली. म्हणून कुठे चुकलं तर चुकलं.

हे सुरू झालं ते फिरायला जायच्या प्लॅनवरून. आमच्या नाही, दुसऱ्यांच्या. पोरीचा बाप जीप चालवतो. खांडबाऱ्याच्या स्टेशनवरून माणसं भरायची आणि पाड्यापाड्यावर सोडायची. एकदा त्याच्या गाडीत सुरतचा एक माणूस आणि त्याची बायको बसले. ते जंगलं बघत फिरतात. पायात जाड बूट, गळ्यात दुर्बीण. त्यांना डोंगरातली मोठी ट्रिप करायची होती, गाडीने जायचं आणि मध्ये मध्ये पायी चालायचं, आणि जंगलात जनावरं बघायची. पोरीचा बाप बोलला, मी करून देतो सगळं प्लॅनिंग, गाडी माझी, रस्ता माझ्या पायाखालचा.

मग रोज संध्याकाळी तेच. चुलीजवळ बसून मोबाईलवर नकाशा मोठा करायचा, लहान करायचा. सुरतहून निघायचं, आधी वांसद्याचं जंगल, मग तोरणमाळ, तिथून पायी उतरायचं आणि खाली जीप घेऊन हा उभा राहणार, मग मोलगीचा बाजार बघून सातपुड्यात आत, आणि शेवटी लांब मेळघाटात. त्या माणसाचे आवाज भरलेले मेसेज यायचे, हा ते मोठ्याने लावायचा आणि आमचं सगळं घर ऐकायचं. जळू असतात का. पाणी उकळून भेटेल का. अस्वल चालताना भेटलं तर काय करायचं. मॅडम विचारायच्या, संडास कसा आहे. सासू हसायची, बोलायची, एवढी भीती आहे तर घरी बसा ना. मला पण तेव्हा मजा वाटायची. पोरीला मांडीवर घेऊन मी पण नकाशात बघायची. मेळघाट कुठे आहे ते मला तेव्हाच समजलं.

पण त्या माणसाचा एकच प्रश्न परत परत यायचा. "भैया, वो सब ठीक है, लेकिन दिखेगा क्या?" ते लई जंगलं फिरले होते. उघड्या गाडीत बसवतात, खाली उतरू देत नाहीत, मोर दाखवतात, हरणं दाखवतात आणि बाहेर आणून सोडतात. त्यांना बिबट्या अजून एकदा पण दिसला नव्हता. जंगलात कुणी खात्री देत नाही, मोठा साहेब पण देत नाही.

आणि पोरीचा बाप बोलून बसला, "मेरे घर के पीछे रोज आता है."

तेव्हा ते खोटं होतं. वर्षातून एखाद्या वेळेस दिसायचा, लांब टेकडीवर, नाहीतर कुणाची बकरी गेली म्हणून कळायचं. पण ते लोक खूश झाले, वांसदा झालं की दुसरा मुक्काम आमच्या घरी असं ठरलं. मग हा ते खोटं खरं करायच्या मागे लागला.

नवापूरकडे पोल्ट्र्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. एका पोल्ट्रीवर याच्या ओळखीचा माणूस कामाला. रोज थोड्या कोंबड्या मरतातच, त्याला ते मरतूक म्हणतात. ती खड्ड्यात टाकून चुना टाकून बुजवायची असते. त्या माणसाला खड्डा खणायचा कंटाळा आणि याला कोंबड्या पाहिजे. झालं जमलं. परत येताना हा जीपच्या मागे गोणी टाकून आणायचा, त्याच जीपमध्ये ज्यात सकाळी शाळेची पोरं बसायची, म्हाताऱ्या बसायच्या, बाजाराची भाजी असायची. लोक नाकाला पदर लावायचे. मग याने गुलाबाच्या वासाचं काहीतरी आणून गाडीत मारलं. गुलाब आणि सडकं मांस एकत्र. एकदा त्या गाडीत बसून मी माहेरी गेली, रस्त्यात तीन वेळा गाडी थांबवायला लावली.

तो वास मग घरात आला. याच्या शर्टात, केसात, नखात. गोणीतून पाणी गळायचं, काळं, चिकट, ते अंगणात ठिपके ठिपके पडायचं आणि आमची पोरगी रांगायची, चालायची त्यातून. हा हात धुवायचा म्हणजे नुसता पाण्यात बुडवायचा आणि भाकरीला बसायचा. मी ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. हा टोमणा मारायचा, "महाराणी, अंडी खाताना नाही येत का वास? त्याच पोल्ट्रीची आहेत."

झोपताना मी पोरीला भिंतीकडे घेऊन मध्ये उशी ठेवायची. नवऱ्याची किळस येणं हे कुणाला सांगता येत नाही. बाया हसतात. पण मला यायची, अजून येते.

सासूला मात्र कसला वास नाही. का नाही, तर याने तिला दुसरंच सांगितलं होतं. आमच्या डोंगरात वाघदेव आहे. शिवेवर एक लाकूड उभं केलेलं, त्यावर वाघ कोरलेला, वर चांद आणि सूर्य. दिवाळीच्या आधी वाघबारसेला गुराखी आणि गावातले लोक तिथे जातात, कोंबडी देतात, भात ठेवतात, त्याला सांगतात हा तुझा वाटा, आता वर्षभर आमच्या गुरांकडे, आमच्या पोरांकडे बघू नको. आणि परत यायचं. एकदा, आणि शिवेवर. घरात नाही, घरामागे नाही. सासूने स्वतः मला हे लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सांगितलं होतं.

याने तिला सांगितलं, या वर्षी आपण त्याला रोज वाटा देणार. म्हातारी खूशच झाली. मी विचारलं, आई, मेलेली, सडलेली कोंबडी चालते का देवाला. तर बोलली, "तो काय शिजवून खातो का?"

माझ्या माहेरी चर्च आहे, आम्ही ख्रिस्ती. लग्न आमचं आम्ही ठरवून केलं आणि दोन्ही घरांनी थोडं रडून मान्य केलं. तेव्हापासून मी काही बोलली की सासू तिथेच येते. मी बोलली, त्याला घराजवळ बोलावू नका, लेकरू आहे. ती बोलली, "तू वाघदेवाला मानत नाही ना, म्हणून तुला भ्या वाटतं. रोज जेवतो आपल्याकडे, तो आपल्या घरचा झाला. घरच्या पोराला कोण खातं वं?"

ती मनापासून बोलत होती. ती पोरीवर माझ्याइतकाच जीव टाकते, ते मी कधीच नाही म्हणणार नाही. आणि म्हणूनच त्या दिवशी पोरगी एकटी मागे गेली तरी तिने मान वर केली नव्हती. आधी ती पोरीला अंगणाच्या बाहेर पाय टाकू देत नव्हती, कोल्ह्याची भीती, सापाची भीती. वाघाचा वाटा चालू झाला आणि तिची सगळी भीती गेली. माझी जेवढी वाढली तेवढी तिची गेली.

एक गोष्ट मला विसरता येत नाही. याने एक जुना मोबाईल नाल्यातल्या सागाला बांधला होता, व्हिडिओ चालू करून. वाघ आला त्याचा पहिला व्हिडिओ. हा नाचतच घरी आला, मला दाखवला, पाड्यावर सगळ्यांना दाखवला, सुरतला पाठवला. बिबट्या कोंबडी खात होता, पिसं थुंकत होता. आणि मागे लांबून एक बाई ओरडत होती, कुणालातरी हाक मारत होती, एक लेकरू रडत होतं. मला कळायला वेळ लागला की तो माझाच आवाज आहे. माझी पोरगी रडत होती. आणि ती रडली की त्या व्हिडिओत तो खाणं थांबवायचा, कान इकडे करायचा. ती गप्प झाली की परत खायचा.

मी याला बोलली, परत लाव. लावला. परत रडली, परत कान फिरला. मी बोलली, बघितलं का. हा बोलला, हो, क्लिअर आला ना एकदम.

सुरतच्या मॅडमचा मेसेज आला, कान किती गोड आहेत त्याचे. आणि त्या माणसाने विचारलं, वास येतो का तिथे, म्हणजे वाऱ्याच्या कुठल्या बाजूला बसायचं ते बघून ठेवा. आणि रात्रीच्या जेवणाला देशी कोंबडी भेटेल का, नागलीच्या भाकरीबरोबर. ती मी करायची होती. मोबाईल बाजूला ठेवून मी बाहेर गेली आणि अंगणात थुंकली, परत परत थुंकली.

मग तो दिवस आला जो मी सुरुवातीला सांगितला.

त्या संध्याकाळी हा घरी आला तर मी दारातच बसली होती, पोरगी मांडीत. मी सांगितलं सगळं. आधी बोलला, तू बघितलं ते कोल्हं असेल. मग मी पोरीचा फ्रॉक पुढे टाकला, धुतला नव्हता मुद्दाम. त्याचा चेहरा मी बघितला, तो पण बापच आहे, घाबरला होता. बोलला, बंद करतो. पण ट्रिप जवळ आली आहे, रस्ता ठरला, जेवण ठरलं, त्यांना नाही कसं म्हणू. मी बोलली, तुझं तू बघ. आणि खरंच त्याने बंद केलं. गोणी आणली नाही. त्याच्या शर्टाला नुसता डिझेलचा वास आला तर मला एवढं बरं वाटलं, की मी त्याच्या बाजूला झोपली, मधली उशी काढून.

आता पुढे जे झालं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नाल्यात काही मिळेना म्हटल्यावर वाघ घराकडे आला.

मी आदल्या दिवशी ओटा शेणाने सारवला होता, ओलसर होता. सकाळी दार उघडलं तर सारवणात पंजे उठलेले, गोल गोल, माझ्या तळहाताएवढे, दाराकडे तोंड करून. दारापर्यंत आलेले आणि तिथे थांबलेले. दार म्हणजे काय, कुडाचं घर, बांबूची ताटी. त्याच्या आतल्या बाजूला आम्ही सगळे झोपलेलो. दाराशी बांधलेला आमचा कुत्रा नव्हता. त्याची दोरी होती, रक्त होतं थोडं.

सासूने ते पंजे बघितले आणि मातीवर डोकं टेकलं. मग माझ्याकडे वळून बोलली, "वाटा तू बंद केला. आता तो मागायला आला."

मला राग आला. पण देव बाजूला ठेवला तरी ती बोलत होती ते खरंच होतं ना. टाकलं तर नाल्यात येतो, नाही टाकलं तर दारात येतो. याने त्याला सवय लावली आणि आता ती सवय आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी पोरीला खाली ठेवायचं बंद केलं. हापशीवर जाताना पाठीला, चुलीजवळ पाठीला, संडासला जाताना पण पाठीला. तिला पळायचं असायचं, ती पाय झाडायची, मला लाथा मारायची. माझी पाठ गेली.

मग मीच याला बोलली, आण गोणी. त्याने मोबाईलमधून मान वर केली. मी बोलली, आण, पण मी टाकणार, आणि नाल्यात नाही, लांब टाकणार, रोज थोडं लांब. त्याला असं घरापासून ओढत ओढत न्यायचं. हा हसला, खूश झाला. बोलला, "आता आली लायनीवर. गेस्टला पण तेवढं चालायला होईल, ट्रेकिंग पण होऊन जाईल." लगेच मोबाईल काढून सुरतला कळवलं, की आमच्याकडे पायी चालायची वाट पण आहे, डोंगरावर, वरून सूर्य बुडताना दिसतो.

म्हणजे ज्या कामाची मला किळस होती ते काम मीच करायला लागली. तोंडाला ओढणी बांधायची, तिच्यात लिंबाचा पाला, पाठीवर पोरगी, डोक्यावर गोणी. गोणीतलं पाणी कानामागून मानेवर यायचं, पोरीच्या हाताला लागायचं. तिला त्याचं काही नाही, ती मागून गाणं म्हणायची. दुपारच्या उन्हात जायची, तो झोपलेला असतो तेव्हा. पहिल्या दिवशी नाल्याच्या पलीकडे टाकलं. मग मोहाच्या झाडाखाली. मग चढावर. मग शिवेच्या पण पुढे. आणि तो जात होता तसा. ओट्यावर पंजे दिसेनात. मी रोज सकाळी ओटा बघायची आणि देवाचे आभार मानायची, माझ्याही आणि सासूच्याही. मला वाटलं जमलं.

एक दिवस मी टेकडीच्या पार वर गेली. तिथे आधी कधी गेली नव्हती. दम लागला म्हणून उभी राहिली आणि खाली पलीकडच्या बाजूला बघितलं तर एक घर. पाडा नाही, एकच घर, नवीन बांधलेलं, कौलं अजून लाल. अंगणात दोरी. दोरीवर लहान कपडे वाळत घातलेले. लंगोट, टोपरं, एक अगदी बारकं झबलं.

एक बाई खालून शेळीमागे वर येत होती. माझ्याच वयाची असेल. मला बघून थांबली, हसली, कपाळावर हात धरून ओरडली, "काय घेऊन चालली वं, एवढ्या उन्हाची?"

मी बोलली, "खत आहे."

ती बोलली, "मग आमच्याकडे पण टाक की थोडं."

आणि हसली. जशी बाया हसतात, ओळख नसली तरी. वारा माझ्याकडून तिच्याकडे नव्हता म्हणून तिला वास आला नसेल. मी पण हसली, हसावं लागलं. ओढणीच्या आत माझं तोंड आंबट झालं. ती शेळी हाकत गेली आणि मी तिथेच उभी, गोणी डोक्यावर, पोरगी पाठीवर झोपून गेलेली, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. इतक्या दिवसांत मला कोंबड्यांची किळस आली होती, त्या सुरतवाल्यांची आली होती, पोरीच्या बापाची आली होती. त्या दिवशी उन्हात मला माझीच किळस आली.

ती गोणी मी तिथे टाकली नाही. परत आणली, आमच्या वावराच्या कोपऱ्यात खड्डा खणला, चुना नव्हता म्हणून चुलीतली राख टाकली, वर दगड लोटले. पोरीला पाठीवरून सोडलं नाही. आणि तशीच, आंघोळ न करता, रस्त्यावर गेली, तिथून पायी पायी फॉरेस्टच्या चौकीवर. रस्त्यात लोक माझ्यापासून लांब होऊन चालत होते.

चौकीत गार्ड होता. त्याने आधी खिडकी उघडली वासामुळे, मग खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, पंजे, कुत्रा, नाला, टेकडी, पलीकडचं घर. तो ऐकत होता, मध्ये मध्ये पोरीकडे बघत होता. मग बोलला, हे बघ ताई, पिंजरा लावू, माणसं पाठवतो, पलीकडच्या घराला पण सांगतो आजच. पण वाघाला असं खायला टाकणं गुन्हा आहे. मला विचारावं लागेल. कोण टाकत होतं?

मी बोलली, मी टाकत होती.

तो बोलला, "तू नंतर टाकलं. आधी कोण?"

मला वाटलं की म्हणावं, माहीत नाही. घरी गेल्यावर काय होईल ते सगळं मला दिसत होतं. पण माझ्या डोक्यात हेच आलं, की आज पिंजरा लागेल, पण नवऱ्याला पकडलं नाही तर उद्या दुसरे कुणी फिरायला येणार, त्यांना पण नक्की बघायचं असणार, आणि हा परत म्हणणार, माझ्या घराच्या मागे रोज येतो. मी पोरीच्या बापाचं नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं.

आता जीप चौकीच्या आवारात उभी आहे आणि हा कोर्टाच्या तारखांना जातो. घरी आला तरी माझ्याशी बोलत नाही, पोरीशी बोलतो. सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही. बोलते, वाघाने तर कुत्राच नेला, तू नवरा दिला. सुरतवाल्यांना कळवलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, पिंजऱ्यात सापडला तर एक फोटो काढता येईल का, आम्ही तेवढ्यासाठी येऊ. मग नाही म्हटल्यावर त्यांनी रस्ता बदलला, सरळ तोरणमाळला गेले म्हणे.

पिंजरा अजून रिकामा आहे. पलीकडच्या घरातली बाई परवा आली होती, लेकरू कडेवर. तिने मला काही विचारलं नाही, नुसतं माझ्या पोरीच्या हातात एक पेरू ठेवला. सासूसमोर. सासू उठून आत गेली.

मी रात्री जागी असते आणि विचार करते, की नाव नसतं सांगितलं तर. गार्ड चांगला माणूस होता, कदाचित सोडून दिलं असतं. नाहीतर मी चौकीवर गेलीच नसती तर? माझी पोरगी तेव्हा घरात सुरक्षित होती, वाघ लांब गेला होता, नवऱ्याने पण थोडे दिवस ऐकलंच असतं. दुसरीच्या पोराचं काय व्हायचं ते झालं असतं, नाहीतर नसतंही झालं. पाड्यावरच्या बाया मला तोंडावर म्हणतात, आपल्या माणसाला कुणी असं देतं का. म्हणून तुम्हालाच विचारते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तुम्हाला माझ्याकडून काही नको. पाठीवर तुमची पोर झोपलेली असती, डोक्यावर ती गोणी, खाली दोरीवर ते झबलं, आणि मग चौकीत तो माणूस तुमच्याकडे बघत बसलेला असता, तर तुम्ही काय केलं असतं?